दुपारचे आकडे

त्या सकाळी आत्याच्या साखरेचा आकडा अठ्ठ्याऐंशी आला आणि मी खूश झाले. आता ते सांगायची लाज वाटते. पण खरं तेच आहे, मी खूश झाले होते.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, चन्नबसम्मा. दिवाळीच्या आधी त्यांच्या पायाच्या अंगठ्याची जखम महिनाभर भरेना, म्हणून आम्ही त्यांना बोरीहून परभणीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं, अठ्ठ्याहत्तर किलोवर गेलेलं वजन उतरवायला सांगितलं आणि माझ्या मोबाईलमध्ये दवाखान्याचं अ‍ॅप टाकून दिलं. सोबत साखर तपासायचं छोटं मशीन. बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा, की आकडा मशीनवर दिसतो आणि तिथून आपोआप मोबाईलमध्ये जातो. "तुम्हाला काहीच लिहून ठेवायला नको," तिथल्या निकिता मॅडम म्हणाल्या. "आम्हाला इथं बसून सगळं दिसतं. दर रविवारी आठवड्याचे आकडे बघून डॉक्टर डोस कळवतील."

मला किती हायसं वाटलं होतं. घरात आम्ही तिघीच, आत्या, मी आणि माझी नऊ महिन्यांची चिमी. माझे मिस्टर विरेश मानवतच्या जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर असतात. कापूस सुरू झाला की फक्त शनिवारी घरी येतात. चिमीला पाजता पाजता एका हातानं करता येईल असं एखादं काम मला पहिल्यांदाच कुणीतरी दिलं होतं.

आत्याचं आणि अ‍ॅपचं मात्र पहिल्या दिवसापासून पटेना. सकाळी साडेसातला मोबाईल बोलायचा, "चन्नबसम्मा, तुमची इन्सुलिनची वेळ झाली."

"कोण हाय गं ही भवानी?" आत्या विचारायच्या. "माह्या सासूनं कधी मला नावानं हाक मारली न्हाई, अन् ही रोज सकाळी बोंबलायलीय."

वजनाचं तर विचारूच नका. घरात काटा नव्हता, म्हणून मी त्यांना चंद्रभानकाकांच्या दुकानातल्या मोठ्या काट्यावर नेलं. त्याच्यावर सोयाबीनची पोती चढतात. आत्या तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. "मी काय पोतं हाय व्हय? लोक बघायलेत."

"पोतं असतं तर गप उभं राहिलं असतं," चंद्रभानकाका म्हणाले. आत्या त्यांच्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. पण वजन उतरत होतं. अठ्ठ्याहत्तर, साडेशहात्तर, पंचाहत्तर. मोबाईलवर फुगे उडायचे, "अभिनंदन, चन्नबसम्मा!" आणि आत्या न बघितल्यासारखं करून बघायच्या.

अ‍ॅप रोज एक काम सांगायचं. एके दिवशी सांगितलं, साखर आणि गूळ घराबाहेर काढा. मी दोन्ही डबे कुसुमबाईंकडे नेऊन ठेवले. कुसुमबाई आमच्या शेजारीण, त्यांच्या-आमच्या परसात फक्त एक कमरेएवढी भिंत. देवापुढची खडीसाखरसुद्धा नेली.

"महादेवालाबी साखर झाली व्हय गं?" आत्या म्हणाल्या.

मी हसले, रिकाम्या फळीचा फोटो काढून अ‍ॅपला पाठवला. 'साखरमुक्त स्वयंपाकघर' असा हिरवा बिल्ला मिळाला. तो मी विरेशला पण पाठवला.

आता गंमत अशी की आत्याकडे दुपारी बाया येतात. कुसुमबाई, दगडाबाई, सरजाबाई. आमच्या घरून कुणी बाई चहा घेतल्याशिवाय उंबऱ्याबाहेर गेलेली नाही. घरात साखर नाही आणि बिनसाखरेचा चहा पुढं करायला आत्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आलेल्या बाईला द्यायचं तरी काय? मग त्यांनी मशीन काढलं.

"आण बोट इकडं. बघू तुही साखर किती हाय."

पहिल्या दिवशी मीच त्यांना शिकवलं. सुई प्रत्येकीला नवी घ्यायची, एवढं बजावलं. आठ दिवसांत त्या एवढ्या तरबेज झाल्या की मला बोलवायच्याही नाहीत. दुपारी मी चिमीला घेऊन आत पडलेली असायचे, मोबाईल उशाशी चार्जिंगला, आणि अर्धवट झोपेत ओसरीवरचं बोलणं कानावर यायचं.

"आई गं! लय जोरात टोचलीस की चन्नाबाई."

"गप बस. चार लेकरं काढलीस अन् सुईला भितीस?"

"माही किती?"

"दोनशे सहा."

"अन् कुसुमची?"

"तीनशेच्या वर! आज बी कुसुमच पहिली."

मग हसणं. कुसुमबाई म्हणायच्या, "मशीनला काय कळतंय, मी तर धडधाकट हाय." त्या हसण्याच्या आवाजात मला गाढ झोप लागायची. चिमी रात्री चारदा उठते, दुपारची ती एक तासाची झोप मला पुरणपोळीपेक्षा गोड होती.

इतके दिवस चौदावर असलेला डोस एका रविवारी सोळा झाला. पुढच्या रविवारी सोळाचे वीस. मग निकिता मॅडमचा फोन आला.

"ऋतुजाताई, दुपारचे आकडे फार चढतायत. पथ्य पाळतायत ना त्या?"

"पाळतात की."

"नाही, वजन उतरतंय, सकाळची साखर चांगली आहे, आणि दुपारीच एवढी? जरा लक्ष ठेवा बरं. म्हातारी माणसं लपून खातात."

मी लक्ष ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला आत्या न्हाणीमागं उभ्या राहून काहीतरी चघळताना सापडल्या. पदराच्या गाठीत गुळाचा खडा होता.

"आत्या, हे काय?"

त्यांचा चेहरा एवढासा झाला. "आगं, ह्या टायमाला हातापायाला थरथर सुटायलीय. काही सुचत न्हाई. कुसुमकडून एवढासा आणला. तोंडात टाकला की बरं वाटतंय."

"आणि दुपारी?"

"दुपारी कशाला खाऊ?" त्यांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. "ह्याची आन घेते. दुपारी मी काहीबी गोड तोंडात घालीत न्हाई."

आम्ही लिंगायत. आत्याच्या गळ्यात त्यांचं इष्टलिंग जन्मापासून आहे. ते मुठीत धरून त्या खोटं बोलणार नाहीत, हे मला माहीत होतं. माहीत असून मी मोबाईल त्यांच्यापुढं धरला. लाल रेघ, रविवारपासून रविवारपर्यंत वर वर चढत गेलेली.

"मग हे काय खोटं बोलायलंय?"

आत्या त्या रेघेकडं बराच वेळ बघत राहिल्या. त्यांना ती वाचता येत नव्हती, पण लाल रंग कळत होता. "न्हाई बाई," त्या हळूच म्हणाल्या. "ते कशाला खोटं बोलंल. मीच खोटी."

त्या संध्याकाळी मी कुसुमबाईंना बजावून आले, आत्यानं कितीबी मागितला तरी गूळ द्यायचा नाही. आणि रविवारी अ‍ॅपनं नेहमीचा प्रश्न विचारला, ह्या आठवड्यात घाम, थरथर, चक्कर असं काही जाणवलं का? चिमी मांडीवर किंचाळत होती. थरथर हे गुळाचं निमित्त, असं मी मनाशी धरूनच बसले होते. मी 'नाही' दाबलं.

वीसचे चोवीस झाले.

दुसऱ्या दिवशीची ती सकाळ. पौषातली थंडी, भांड्यातलं पाणी हाताला चावत होतं. आत्याचा आकडा आला अठ्ठ्याऐंशी. मला वाटलं, गूळ बंद केला आणि बघा. मी इन्सुलिनचं पेन चोवीसवर फिरवलं, त्यांनी पोटाला टोचून घेतलं आणि रोजच्यासारख्या पूजेला बसल्या. पूजा झाल्याशिवाय त्या पाण्याखेरीज काही घेत नाहीत. ते मी परभणीला सांगितलं होतं. अर्ध्या तासात खाल्लं तर चालेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण तो सोमवार होता, आणि सोमवारी आत्याची पूजा लांबते. आदल्या आठवड्यापासून तर जास्तच लांबायला लागली होती. महादेवाला काय सांगत होत्या, मी विचारलं नव्हतं.

मी भाकरी थापत होते. चिमी माझ्यामागं पालथी पडून डब्याच्या झाकणाशी खेळत होती. पलीकडून फरशीवर टक् असा आवाज झाला.

छोटासाच आवाज. एखादी सुपारी पडावी तसा. मी आधी लक्षच दिलं नाही.

मग वळून बघितलं. पूजेला हातावर घेतलेलं लिंग फरशीवर पडलं होतं आणि आत्याचा डावा तळवा तसाच छातीपुढं धरलेला होता, रिकामा. त्या रिकाम्या तळव्याकडं बघत बसल्या होत्या. साठ वर्षांत त्यांच्या हातून लिंग पडलेलं नाही. ते पडणं म्हणजे काय, हे आमच्यात कुणी तोंडानं बोलत नाही. आणि आत्याला ते पडलेलं कळलंच नव्हतं.

"आत्या?"

कपाळावरचं भस्म ओलं होऊन भुवयांवर ओघळलं होतं. एवढ्या थंडीत झंपर घामानं पाठीला चिकटलेलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पण डोळ्यांत माझी ओळख नव्हती.

"गाडी गेली का?" त्या म्हणाल्या. जीभ जड झाली होती.

"कुठली गाडी, आत्या? मी ऋतुजा."

"गेली व्हय." आणि त्या एका कुशीवर कलल्या.

मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्या पिठाचे हात त्यांच्या केसांना लागले. घाम आणि थरथर म्हणजे साखर उतरली, लगेच गोड द्यायचं, हे परभणीला शिकवलं होतं. पण महिनाभर मोबाईल मला सांगत होता की ह्यांची साखर चढलेली आहे, चढतेच आहे. चढलेली असेल आणि मी गोड घातलं तर? माझ्या हातानं मी आत्याला मारलं असं होईल. उतरलेली असेल आणि नाही घातलं तर? तरी माझ्याच हातानं.

मशीन ओढलं. पहिली पट्टी पिठानं खराब झाली, मशीननं नकार दिला. हात साडीला पुसून दुसरी पट्टी घेतली. त्यांच्या बोटाला टोचलं तर बोट हललंसुद्धा नाही. थेंब येईना. दाबलं, दाबलं, आला. मशीन पाच सेकंद मोजतं. त्या पाच सेकंदांत मी जे कबूल केलं देवाशी, ते इथं सांगत नाही.

एक्केचाळीस.

उठून फळीवर हात घातला. साखरेचा डबा नाही. गुळाचा नाही. देवापुढची वाटी कोरडी ठणठणीत. घरभर गोड असं काही, काहीच नव्हतं. माझा हिरवा बिल्ला.

परसदारी धावले. "कुसुमबाई! गूळ आणा, लवकर गूळ आणा!"

भिंतीपलीकडून भांडी घासायचा आवाज थांबला. "कामून गं? तूच तर न्हाई म्हणलीस द्यायला. आता सुनंलाच लागला व्हय गोड?"

"अवं आत्या गेल्या हो!"

मी असं का म्हणाले मला माहीत नाही. तोंडातून तसंच निघालं. पलीकडं भांडं आपटलं आणि पन्नाशीच्या कुसुमबाई गुळाचा डबा काखेत घेऊन भिंतीवरून आल्या. दारातून नाही, भिंतीवरून.

तेवढ्यात मी आत आले तर चिमी रांगत पूजेच्या जागेपर्यंत पोचली होती. लिंग तिच्या मुठीत, मूठ तोंडाजवळ. मी झडप घालून ते काढून घेतलं, पदराच्या टोकाला बांधलं. ती भोकाड पसरून रडायला लागली आणि मी तिला तशीच रडू दिली. तिच्या जन्मापासून पहिल्यांदा.

कुसुमबाईंनी गूळ वाटीत पाण्यात कुस्करला. "पाजू नको, ठसका लागंल. बोटानं लाव, हिरड्याला लाव." मी बोट बुडवून आत्याच्या गालाच्या आत, हिरड्यांवर फिरवत राहिले. जशी चिमीला पहिली पेज चाटवली होती तशी. कुसुमबाई आत्याच्या तळव्यांना घासत होत्या आणि शिव्या देत होत्या. "ऊठ की चन्ने. ऊठ म्हणते ना. दुपारी कुणाकडं बसू मी, त्या सरजीकडं? ऊठ."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. आत्याची जीभ हलली. माझं बोट त्यांनी ओठांनी धरलं, आणि गिळलं.

चंद्रभानकाकांनी दुकान तसंच टाकून टमटम काढला. सरकारी दवाखान्यात आत्याला ग्लुकोजची बाटली लावली. तिथल्या डॉक्टर तरुण होत्या, माझ्याच वयाच्या असतील.

"इन्सुलिन किती?"

"चोवीस."

"इतकं? वाढवलं कुणी?"

मी मोबाईल दिला. मी रोज ती लाल रेघच बघायचे. डॉक्टरांनी रेघ बाजूला सारली आणि खाली एक यादी उघडली, जी मी एकदाही उघडलेली नव्हती. प्रत्येक आकडा, आणि शेजारी वेळ.

"काल दुपारी ह्यांची चारदा तपासली?"

"नाही, एकदाच. जेवल्यावर दोन तासांनी."

"एक चाळीसला एकशे अठरा. एक चव्वेचाळीसला तीनशे बेचाळीस. एक एकोणपन्नासला दोनशे सहा. एक त्रेपन्नला दोनशे सत्त्याण्णव." त्यांनी मान वर केली. "तेरा मिनिटांत माणसाची साखर अशी नाचत नाही. कुणाकुणाची तपासता तुम्ही ह्या मशीनवर?"

मागून कुसुमबाई पुढं झुकल्या.

"तीनशे बेचाळीस? ते तर माहं हाय!" त्या हसत म्हणाल्या, ओळखीचं माणूस भेटावं तशा. मग डॉक्टर त्यांच्याकडं बघतच राहिल्या आणि त्यांचं हसू हळूहळू विरलं. "माहं हाय," त्या परत म्हणाल्या, आणि खाली स्टुलावर बसल्या.

मी भिंतीला टेकले. मशीन कुणाचं बोट आहे ते बघत नाही. ओसरीवर टोचलेला प्रत्येक आकडा आतल्या खोलीत, माझ्या उशाशी, आत्याच्या नावावर येऊन पडत होता, आणि मी झोपलेली होते. कुसुमबाईंची साखर, दगडाबाईंची साखर, सरजाबाईंची साखर. तिघींचं इन्सुलिन मी एकट्या आत्याला देत होते.

निकिता मॅडमला मीच फोन लावला. विरेशला लावायच्याही आधी, कारण विरेशशी बोलले असते तर रडले असते. "ते आकडे आमच्या आत्याचे नव्हते," मी म्हणाले. "आणि थरथर होत होती. मी न विचारता 'नाही' दाबलं." मग त्या म्हणाल्या, "ताई, आत्ता कशा आहेत त्या?" आणि मी तेव्हा रडले. आज आता इन्सुलिन द्यायचं नाही आणि उद्यापासून परत चौदा, असं परभणीच्या आणि इथल्या डॉक्टरांनी फोनवर बोलून ठरवलं.

दुपारी आत्या नीट शुद्धीत आल्या. पहिल्यांदा हात गळ्याकडं गेला. "माहं लिंग?"

मी पदराची गाठ सोडली. सुटता सुटेना.

"पडलं व्हय?"

मी होय म्हणून मान हलवली. त्यांनी डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडं गेलं.

"चिमीनं उचललं," मी म्हणाले. "तुमच्यासारखंच मुठीत धरलं होतं."

त्या म्हणाल्या, "तोंडात घातलं आसंल भवानीनं."

"घालणार होती."

आत्या थोडंसं हसल्या. मी त्यांच्या पायाशी बसले, पट्टी बांधलेल्या अंगठ्याजवळ. "आत्या, तुमी खोट्या नव्हता. आकडे बायांचे होते. मी तुमच्यावर..."

"आन घेतली होती ना गं मी," त्या म्हणाल्या. रागानं नाही. आपलं सांगितल्यासारखं. त्यापेक्षा त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी आत्याला घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी कुसुमबाई साखर तपासायला उपाशीपोटी सरकारी दवाखान्यात गेल्या. एकट्या जायला भीती वाटते म्हणून दगडाबाई आणि सरजाबाईंना ओढत घेऊन गेल्या. आमच्या घरातलं मशीन आता कपाटात असतं, किल्ली आत्याकडं. देवापुढच्या वाटीत खडीसाखर परत आलीय, आणि बायांना साखर घातलेला चहा मिळतो.

आणि कुसुमबाई दवाखान्यात गेल्या त्याच सकाळी, साडेसातला, मोबाईल बोलला. "चन्नबसम्मा, तुमची इन्सुलिनची वेळ झाली."

"थांब गं बाई," आत्या म्हणाल्या. आता पूजा आधी. मग ताट पुढं ठेवायचं, भाकरी, मेथीची भाजी, दही. मग बोट. एकशे एकोणतीस. मी पेन हातात घेतलं आणि माझा हात थांबला. आदल्या दिवशी हेच पेन होतं, हाच हात.

"मला आकडा दिसत न्हाई," आत्या म्हणाल्या. "मोठ्यानं मोज."

पेनचं मागचं टोक फिरवलं की एका युनिटला एक टिकटिक होते. मी फिरवत गेले, मोजत गेले. एक, दोन, तीन. आत्याही मोजायला लागल्या, माझ्या मागून, एकेक. चिमी त्यांच्या मांडीवर बसून आमच्या तोंडाकडं बघत होती. तेरा. चौदा. दोघी एकदम थांबलो.

टोचून झाल्यावर त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मी समोर बसून त्यांचं कपाळ बघत होते. भस्म कोरडं आहे का, तेवढंच.

"खाऊ दे की गं मला. काय टक लावून बघायलीस?"

"काही न्हाई," मी म्हणाले, आणि भाकरी संपेपर्यंत बघत राहिले.